नोडसाठी यंत्र कमांड लाइनवरून मोजायचं कसं? एफआयओ, पोल्काडॉट, बेंच-बिटकॉइन, कॅलिपर

कळफलक:

नोडसाठी (ब्लॉकचेनची प्रत ठेवून तिचे व्यवहार तपासणारा संगणक) मशीन विकत घेतल्यावर किंवा क्लाउडवर भाड्याने उचलल्यावर ते मोजायचं कसं, हा प्रश्न इथे दर महिन्याला नव्या धाग्यात येतो. 'एसएसडीच्या डब्यावर ७००० मेगाबाइट प्रतिसेकंद लिहिलंय, मग इथेरियम नोड मागे का पडतो?' हा त्यातला ठरलेला. डब्यावरचा आकडा सलग वाचनाचा असतो, आणि नोड सलग वाचतच नाही. खात्यांची आणि कॉन्ट्रॅक्टची स्टेट (सध्याची स्थिती) की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये विखुरलेली असते. नोडचा प्रोग्राम बदलला की डेटाबेस बदलतो: गेथमध्ये पेबल, नेदरमाइंड आणि बेसूमध्ये रॉक्सडीबी, एरिगॉन आणि रेथमध्ये एमडीबीएक्स. एका ब्लॉकसाठी हजारो बारीक वाचनं इकडून तिकडून होतात. स्लॉट (एका ब्लॉकची वेळ) १२ सेकंदांचा, आणि व्हॅलिडेटरला (रक्कम तारण ठेवून, म्हणजे स्टेकिंग करून, ब्लॉकवर मत देणाऱ्याला) सध्या पहिल्या ४ सेकंदांत ब्लॉक तपासून मत द्यायचं असतं.

त्यामुळे सुरुवात डिस्कपासून. (आज्ञा टर्मिनलवर अर्थात रोमन लिपीतच टाइप करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय.) एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं साधन) घ्या आणि हे पर्याय द्या: आयओइंजिन लिबएआयओ, डायरेक्ट १, बीएस ४के, आयओडेप्थ ६४, रीडराइट रँडआरडब्ल्यू, आरडब्ल्यूमिक्सरीड ७५, साइज १५०जी. म्हणजे १५० जीबीच्या फाइलवर ४ केबीच्या तुकड्यांत विखुरलेलं वाचन-लेखन, त्यात ७५% वाचन. फाइलनेममध्ये नोडचा डेटा जिथे राहणार त्याच माउंटवरच्या फाइलचा पाथ.

स्टेकिंग करणाऱ्यांमध्ये रुळलेली ढोबळ पट्टी: वाचन १५,००० आयऑप्स (सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनाच्या क्रिया), लेखन ५,०००. गुणोत्तरच ७५:२५ आहे, म्हणजे वाचन १५,००० वर गेलं की लेखन आपोआप ५,००० वर जातं. दोन वेगळे निकष समजू नका.

१५० जीबी कशाला, १० जीबीत भागणार नाही का? नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक, टीएलसी आणि क्यूएलसी ड्राइव्ह (एका सेलमध्ये तीन किंवा चार बिट ठेवणारे) लिहिलेलं आधी एसएलसी कॅशमध्ये (सेलमागे एकच बिट ठेवणाऱ्या वेगवान भागात) घेतात. छोटी फाइल तिथेच मावते आणि स्वस्तातला क्यूएलसी ड्राइव्हसुद्धा राजासारखा वागतो. दुसरं कारण मॅपिंग टेबलचं (कुठला डेटा चिपवर कुठे आहे त्याची यादी). दर ४ केबी पानामागे साधारण ४ बाइट, म्हणजे १ जीबी डेटाला १ एमबी टेबल. स्वतःची रॅम (डीरॅम) नसलेला ड्राइव्ह मशीनच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेतो. ती ६४ एमबी असेल तर ६४ जीबीपर्यंतचे पत्ते हाताशी राहतात. पुढच्या प्रत्येक वाचनाला आधी नँडमधून (ड्राइव्हच्या साठवणाऱ्या चिपमधून) टेबल वाचा, मग डेटा वाचा. १० जीबीच्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही आणि १ टीबीच्या डेटाबेसवर हमखास दिसेल.

एकूण २०,००० आयऑप्सला ही चाचणी साधारण ३३ मिनिटं चालते. फाइल आधी लिहून काढायचा वेळ वेगळा. चहा घेऊन या.

तिरकस:

कळफलक, फाइलच्या साइजबद्दलचं सगळं मान्य. पण आयओडेप्थ ६४ हे नोडचं खरं रूप नव्हे. डेप्थ ६४ म्हणजे ड्राइव्हपुढे एका वेळी ६४ विनंत्या उभ्या. ब्लॉक चालवताना ईव्हीएमला (इथेरियमचे कॉन्ट्रॅक्ट चालवणाऱ्या इंजिनाला) पुष्कळदा एका वाचनाचं उत्तर आल्याशिवाय पुढचं काय वाचायचं तेच कळत नाही. तिथे रांग एकाचीच, आणि मोजायची ती लेटन्सी (एका उत्तराला लागणारा वेळ).

म्हणून दुसरी फेरी हवीच: रँडरीड, बीएस ४के, आयओडेप्थ १, टाइमबेस्ड, रनटाइम १२०, फाइल तीच १५० जीबीची. सरासरी ८० मायक्रोसेकंद आली तर १२,५०० आयऑप्स, १६० आली तर ६,२५०. साधा भागाकार. डेप्थ ६४ ला दोन ड्राइव्ह सारखे दिसतात आणि डेप्थ १ ला एक दुसऱ्याच्या निम्म्यावर येतो, असं होऊ शकतं.

आता दोन खड्डे. नेटवर फिरणाऱ्या तयार आज्ञेत जीटीओडी-रिड्यूस १ असतं. त्याने घड्याळ बघणं कमी होतं आणि त्याबरोबर लेटन्सीची मोजणीही बंद होते. पर्सेंटाइल (९९ चा म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत झाल्या तो आकडा) दिसत नाहीत म्हणून लोक डोकं धरून बसतात. तो पर्याय काढा, दिसतील. दुसरा खड्डा इंजिनचा. पीसिंक किंवा सिंक इंजिनवर आयओडेप्थ ६४ लिहिलं तरी चालतं १च. एफआयओ चाचणी थांबवत नाही, आणि मग 'माझा ड्राइव्ह भंगार' असे धागे निघतात. निकालाच्या शेवटी आयओ डेप्थ्स अशी ओळ येते, तिथे १ समोर १००% दिसलं की समजा.

निकालात सरासरी सोडा, ९९ आणि ९९.९ पर्सेंटाइल बघा.

मोजपट्टी:

तिरकस यांच्या दोन फेऱ्यांना तिसरी जोडते: एफडेटासिंक १ (प्रत्येक लेखनानंतर डेटा ड्राइव्हवर पक्का करून घेणारा पर्याय). सलग लेखन, बीएस ४के, आयओडेप्थ १, साइज १ जीबी पुरे. निकालात सिंकच्या पर्सेंटाइलचा वेगळा तक्ता येतो, तोच वाचायचा. डेटाबेस जेव्हा 'लिहिलं, आता वीज गेली तरी चालेल' म्हणतो, तेव्हा त्याला ड्राइव्हकडून हीच हमी हवी असते. वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर असलेले सर्व्हर ड्राइव्ह हे उत्तर काही दहा मायक्रोसेकंदांत देतात, कारण कॅशमध्ये आलं की ते सुरक्षितच. घरगुती ड्राइव्हला खरोखर नँडपर्यंत जावं लागतं आणि मामला मिलिसेकंदांत जातो. ईटीसीडी या डेटाबेसच्या जगात ९९ पर्सेंटाइल १० मिलिसेकंदांच्या आत हवा असा दंडक आहे. राफ्टवर (अनेक मशीनचं एकमत घडवणारी पद्धत) चालणाऱ्या कुठल्याही ऑर्डररला (व्यवहारांचा क्रम लावणाऱ्या नोडला) तोच लावायला हरकत नाही.

झेडएफएस फाइलसिस्टमवाल्यांनी जपून. ओपनझेडएफएस २.३ च्या आधी डायरेक्ट १ दिलं तरी वाचन एआरसी कॅशमधून होतं, आणि मोजली जाते ती रॅम. डीडी ही आज्ञा वापरून शून्यं लिहिणं तर विसराच. कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांचा डोंगर चिमटीत मावतो आणि वेग आकाशाला भिडतो.

गोंधळी:

क्लाउडवर एफआयओ चालवलं की वाचन आणि लेखन मिळून बरोब्बर ३,००० येतात, ना एक कमी ना एक जास्त. साइज बदला, डेप्थ बदला, तेच. आज्ञेत काही चुकतंय का?

तिरकस:

चुकत नाहीये. तो ड्राइव्हचा वेग नाही, विकलेली मर्यादा आहे. अ‍ॅमेझॉनच्या जीपी-३ व्हॉल्यूमला (क्लाउडवरच्या भाड्याच्या डिस्कला) मूळ दरात ३,००० आयऑप्स आणि १२५ एमबी प्रतिसेकंद मिळतात. मुंबई रीजन घ्या नाहीतर फ्रँकफर्ट. जास्त हवे तर वेगळे पैसे.

जुनं जीपी-२ जास्त फसवं. तिथे दर जीबीला ३ आयऑप्स आणि वर ५४ लाख क्रेडिटची बादली, जी संपेपर्यंत ३,००० पर्यंत धावता येतं. ५०० जीबीचं व्हॉल्यूम धरा: हक्काचे १,५००, धावताना ३,०००, म्हणजे सेकंदाला १,५०० क्रेडिट जळतात. ५४ लाख भागिले १,५०० म्हणजे ३,६०० सेकंद. दहा मिनिटांची चाचणी छान पास होते आणि नोडचं सिंक (साखळीचा डेटा उतरवून तपासणं) सुरू करून बरोबर तासाभराने वेग निम्म्यावर येतो. त्यामुळे क्लाउडवर रनटाइम निदान दोन तासांचा द्या आणि दर सेकंदाचा आयऑप्स लॉग काढून आलेख बघा. पायरीसारखा उतार दिसला की बादली रिकामी झाली.

टी-मालिकेच्या मशीनवर सीपीयूलाही असाच क्रेडिटचा हिशोब असतो. चाचणी चालू असताना शेजारच्या खिडकीत व्हीएमस्टॅट १ लावून ठेवा. एसटी हा स्तंभ शून्याच्या वर रेंगाळत असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू दुसरं कुणीतरी खातंय आणि त्या फेरीतले आकडे कचऱ्यात.

विदर्भएक्सप्रेस:

उन्हाळ्याबद्दल कुणीच बोललं नाही. एसी खोलीत उघड्या टेबलावर केलेली मोजणी आणि मे महिन्यात नागपुरात बंद कपाटात चाललेला मिनी पीसी यांचा एकमेकांशी संबंध नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर हीटसिंक नसलेला एनव्हीएमई (आजचा वेगवान एसएसडी) सततच्या लेखनात काही मिनिटांत स्वतःचा वेग कापायला लागतो.

बघायचं असं. एनव्हीएमई आयडी-कंट्रोल या आज्ञेच्या निकालात डब्ल्यूसीटेम्प (इशाऱ्याचं तापमान) आणि सीसीटेम्प (धोक्याचं तापमान) ही दोन मूल्यं असतात, केल्विनमध्ये. डब्ल्यूसीटेम्प ३५७ दिसलं तर २७३ वजा करा: ८४ अंशांना ड्राइव्ह इशारा देणार. मग एनव्हीएमई स्मार्ट-लॉग चाचणीच्या आधी आणि नंतर काढा. वॉर्निंग टेम्परेचर टाइम हा काउंटर मिनिटांत असतो. तो किंवा थर्मल मॅनेजमेंटचा ट्रान्झिशन काउंट मधल्या काळात वाढला असेल तर तुम्ही ड्राइव्हचा नाही, त्याच्या तापाचा वेग मोजलात. सीपीयूसाठी टर्बोस्टॅट लावा, मेगाहर्ट्झ आणि तापमान शेजारी शेजारी दिसतात. अर्ध्या तासाच्या आतली कुठलीही चाचणी मी तरी मोजणीत धरणार नाही.

साखळीवाला:

पोल्काडॉटवाल्यांना वेगळं साधन शोधायला नको, नोडच्या प्रोग्राममध्येच आहे: पोल्काडॉट बेंचमार्क मशीन. ब्लेक-२ हॅशिंग, एसआर-२५५१९ सही तपासणी, मेमरी कॉपी, सलग लेखन आणि विखुरलेलं लेखन असा तक्ता छापून येतो. प्रत्येकासमोर तुमचा स्कोअर, किमान अपेक्षा आणि पास की नापास. नव्या आवृत्त्यांत समांतर ब्लेक-२ चीही ओळ असते, कारण २०२५ पासून व्हॅलिडेटरसाठी ४ ऐवजी ८ फिजिकल कोअर मागतात. टॉलरन्स १०% धरलेला असतो, म्हणजे किमान आकड्याच्या थोडं खाली असूनही पास लिहून येऊ शकतं. काठावरचा पास हा पास समजू नका.

दोन पर्याय विसरू नका. बेस-पाथ दिला नाही तर डिस्कची चाचणी होम फोल्डरमध्ये होते. डेटाबेस एनव्हीएमईवर आणि होम साध्या साटा डिस्कवर असेल तर नापासाचा शिक्का भलत्याच डिस्कवर बसतो. उलटही होतं, आणि ते जास्त महागात पडतं. दुसरा पर्याय डिस्क-ड्युरेशन. डीफॉल्ट काही सेकंदांचंच आहे, ते ६० वर न्या.

एसआर-२५५१९ चा स्कोअर केबी प्रतिसेकंदात येतो, त्याने नवखे बुचकळ्यात पडतात. प्रत्येक तपासणीला ३२ बाइटचा संदेश धरलेला आहे. समजा स्कोअर ६४० आला, तर ६४० गुणिले १०२४ भागिले ३२, सेकंदाला २०,४८० सह्या, एका कोअरवर. एका सहीला साधारण ४९ मायक्रोसेकंद.

मेमरी कॉपीची किमान अपेक्षा ११.४९ जीआयबी. इथे एकच रॅम पट्टी लावलेले मिनी पीसी अडकतात. डीडीआर-४ ३२०० ची एक पट्टी कागदावर २५.६ जीबी देते. कॉपी म्हणजे वाचन आणि लेखन दोन्ही, तेव्हा निम्मे, १२.८ जीबी, म्हणजे ११.९ जीआयबी. हे कागदावरचं. प्रत्यक्षात त्याखालीच. १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, चॅनेल दोन होतात.

आणि या साधनाच्या डिस्कच्या आकड्यावर विसंबू नका. सलग लेखनाला ९५० आणि विखुरलेल्या लेखनाला ४२० एमआयबी ही पट्टी ठीक आहे, पण चाचणी छोट्या फाइलवर पुन्हा पुन्हा लिहिते, म्हणजे कळफलक म्हणाले तो एसएलसी कॅशचा घोळ इथे आहेच. विखुरलेलं वाचन तर ती मोजतच नाही. म्हणून हे साधन सीपीयू आणि मेमरीसाठी, आणि डिस्कला एफआयओ.

मोजपट्टी:

बिटकॉइनसाठी बेंच-बिटकॉइन, बिटकॉइन कोअरसोबत येणारं मोजणीचं साधन. कोअरच्या आवृत्ती २९ पासून बिल्ड सीमेकने होतं. बिल्ड-बेंच ऑन करा, डीबग बिल्ड चुकूनही नको. सगळा संच चालवत बसू नका, फिल्टर द्या. कनेक्टब्लॉकने सुरू होणाऱ्या चाचण्यांमध्ये फक्त ईसीडीएसए, फक्त श्नॉर आणि मिश्र अशा सह्यांचे ब्लॉक असतात. डीसीरिअलाइझच्या (बाइटमधून ब्लॉक उलगडण्याच्या) चाचण्या ४१३५६७ क्रमांकाचा खरा ब्लॉक वापरतात. मिन-टाइम (प्रत्येक चाचणीचा किमान वेळ) मिलिसेकंदांत असतो आणि डीफॉल्ट १० म्हणजे फारच कमी. ५००० द्या.

निकालातला एरर टक्का हा स्तंभ सगळ्यांत आधी बघा. तो ५% असताना 'नवी आवृत्ती ३% वेगवान' म्हणणं म्हणजे हवेतल्या गप्पा. साधन स्वतःच इशारा देतं: फ्रिक्वेन्सी स्केलिंग चालू आहे, टर्बो चालू आहे, पायपर्फ सिस्टम ट्यून चालवा. चालवा की मग. ते सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर नेतं आणि टर्बो बंद करतं. काम झालं की पायपर्फ सिस्टम रीसेट, नाहीतर मशीन तसंच राहतं आणि पुढचे आठ दिवस 'मशीन मंद का' म्हणून शोध सुरू. टास्कसेटने एका कोअरला बांधलंत तर आकडे आणखी स्थिर येतात, फक्त कोअर ० टाळा. एक लक्षात ठेवा, टर्बो बंद करून आलेला आकडा दोन बिल्डची तुलना करायला चांगला. रोजच्या कामात मशीन किती धावेल हे तो सांगत नाही.

सह्यांचंच मोजायचं असेल तर लिबसेक्प २५६के१ मध्ये बेंच नावाचा छोटा प्रोग्राम आहे. ईसीडीएसए व्हेरिफायसमोर किमान, सरासरी, कमाल मायक्रोसेकंदांत छापतो. किमान आणि कमाल यांत फार तफावत असेल तर मशीन शांत नाही.

गोंधळी:

पूर्ण सिंकला किती वेळ लागेल ते यावरून काढता येईल का?

मोजपट्टी:

नाही. तिथे सगळेच एकमेकांत गुंततात: सीपीयू, डिस्क, नेटवर्क. नेटवर्क बाजूला काढा. सगळे ब्लॉक आधीच उतरवलेल्या, जुने ब्लॉक न छाटलेल्या (प्रून न केलेल्या) डेटा फोल्डरवर बिटकॉइनडी (बिटकॉइन कोअरचा नोड) रीइंडेक्स-चेनस्टेट, कनेक्ट ०, स्टॉपअ‍ॅटहाइट ठरावीक उंचीला, आणि हे सगळं हायपरफाइन या वेळ मोजणाऱ्या साधनात गुंडाळा. रन्स ३. प्रिपेअरमध्ये आधी सिंक (रॅममधलं डिस्कवर उतरवणारी लिनक्सची आज्ञा), मग कर्नलचे कॅश टाकून द्यायची आज्ञा, म्हणजे प्रत्येक फेरी थंड सुरू होईल. पॅरामीटर-लिस्टमध्ये डीबीकॅश (डेटाबेससाठी राखलेली रॅम) ४५० आणि ४००० दिलं तर दोन्ही एका दमात निघतात.

अ‍ॅझ्युमव्हॅलिड डीफॉल्टवर असेल तर जुन्या ब्लॉकांच्या सह्या तपासल्याच जात नाहीत. सीपीयू मोजायचा असेल तर ते ० करा.

तिरकस:

डीबीकॅशबद्दल एक पुरवणी. आवृत्ती २९ मध्ये डीफॉल्ट ४५० एमआयबी, त्यामुळे यूटीएक्सओ (अजून न खर्चलेल्या रकमांच्या नोंदी) वारंवार डिस्कवर उतरतात. ४००० केलं की बरंचसं काम रॅममध्ये होतं आणि शेवटी बंद होताना एक मोठं फ्लश. हायपरफाइन प्रोसेस संपेपर्यंतचा वेळ धरतो, म्हणजे ते फ्लशही त्यातच. दोन ड्राइव्हची तुलना करायची तर कॅश छोटीच ठेवा, मोठ्या कॅशने सगळे ड्राइव्ह सारखेच दिसतात.

व्हर्च्युअल मशीनवाल्यांनी आधी एलएससीपीयूमध्ये एसएचए-एनआय आणि एव्हीएक्स-२ (हॅशिंग वेगाने करू देणाऱ्या सीपीयूच्या सूचना) आहेत का बघा. प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) सीपीयूचा प्रकार जुन्या आवृत्त्यांत केव्हीएम-६४ असायचा, ८ पासून नव्या मशीनला एक्स८६-६४-व्ही२-एईएस. दोन्हींत ही फ्लॅग झाकलेली. प्रकार होस्ट करा, मशीन बंद करून चालू करा, नुसतं रीबूट नको. बिटकॉइनडीच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच कुठलं एसएचए-२५६ वापरतोय ती ओळ येते, तिथे एक्स८६-शानी दिसलं की काम झालं.

अर्धवटराव:

फॅब्रिकवाल्यांसाठी (संस्थांच्या खासगी जाळ्यांची ब्लॉकचेन) कॅलिपर हे मोजणीचं साधन. दोन पायऱ्या: आधी कॅलिपर बाइंडने तुमच्या फॅब्रिक आवृत्तीचं एसडीके बांधायचं, मग लाँच मॅनेजरला वर्कस्पेस, नेटवर्क कॉन्फिग आणि बेंच कॉन्फिग द्यायचं. निकालात यश, अपयश, सेंड रेट, लेटन्सी आणि थ्रूपुट.

सगळ्यांत जास्त गैरसमज होतो तो टेस्ट-नेटवर्कवर, म्हणजे फॅब्रिकच्या नमुना जाळ्यावर. तिथे बॅचटाइमआउट २ सेकंद आणि मॅक्समेसेजकाउंट १०. सेकंदाला १ व्यवहार पाठवलात तर ब्लॉक १० ने भरतच नाही, २ सेकंदांचं घड्याळ संपायची वाट बघतो. लेटन्सी दीड-दोन सेकंद आली म्हणून फॅब्रिकला शिव्या घालणारे हेच मोजत असतात. उलट ५० नी पाठवलं तर सेकंदाला ५ ब्लॉक, प्रत्येकाची कमिट वेगळी, आणि पीअरची (साखळीची प्रत ठेवणाऱ्या नोडची) डिस्क बोंबलते. मोजायच्या आधी हे दोन आकडे तुमच्या खऱ्या जाळ्याप्रमाणे बदला.

अपयशाचा स्तंभ फुगला तर पीअरचा लॉग बघा, बहुतेक वेळा एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट असतो, म्हणजे वाचलेली नोंद तोवर दुसऱ्या व्यवहाराने बदललेली. वर्कलोडमधले सगळे वर्कर (व्यवहार पाठवणाऱ्या प्रोसेस) एकाच कीवर लिहितायत. कीमध्ये वर्करचा क्रमांक आणि व्यवहाराचा क्रमांक घाला.

सेंड रेट मागितल्यापेक्षा कमी दिसला तर जाळं नाही, कॅलिपरच दमलाय. वर्कर वाढवा आणि कॅलिपर पीअरच्या मशीनवर चालवू नका. फिक्स्ड-रेटने सेंड रेट ५०-५० ने वाढवत जा. थ्रूपुट सेंड रेटपासून जिथे फाटतं आणि लेटन्सी उसळते, तो तुमचा आकडा. त्यापुढचं कमाल टीपीएस (सेकंदाला व्यवहार) स्लाइडवर टाकायला.

गोंधळी:

शेवटची शंका. दर वेळी १५० जीबी लिहून एसएसडी झिजणार नाही का? आणि नोड चालू असताना एफआयओ चालवलं तर?

कळफलक:

झीज: फाइल तयार करताना १५० जीबी आणि चाचणीत त्याच्या २५%, म्हणजे ३७.५. एकूण १८७.५ जीबी. ड्राइव्हला ६०० टीबी लेखनाची हमी असेल तर ०.०३%. चिंता नको, पण रोज आपोआप चालणाऱ्या कामांत (क्रॉनमध्ये) टाकू नका. फाइल आपोआप जात नाही, हाताने उडवा आणि नंतर एफएसट्रिम (मोकळी झालेली जागा ड्राइव्हला कळवणारी आज्ञा) चालवा.

चालू नोडवर लेखनाची चाचणी नकोच. आकडे दोघांचेही बिघडतात आणि व्हॅलिडेटर असेल तर मतं चुकतात. नोड चालू असतानाची परिस्थिती हवी असेल तर आयओस्टॅट एक्स १ लावा आणि आर-अवेट, डब्ल्यू-अवेट (वाचनाला आणि लेखनाला सरासरी लागणारा वेळ) बघत राहा. युटिलचा टक्का एनव्हीएमईवर फारसं सांगत नाही, १०० दिसलं तरी ड्राइव्हला अजून पुष्कळ वाव असू शकतो.

फाइलनेममध्ये फाइलऐवजी थेट डिव्हाइसचं नाव दिलंत तर रँडआरडब्ल्यू फाइलसिस्टमसकट सगळ्यावरून नांगर फिरवतो, विचारतही नाही. डिव्हाइस थेट मोजायचंच असेल तर रँडरीड आणि सोबत रीडओन्ली, मग लेखनाचा पर्याय चुकून राहिला तरी एफआयओ चालूच होत नाही.

विदर्भएक्सप्रेस:

+१. आणि त्याआधी एलएसबीएलके, डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा. दोन एनव्हीएमई असले की रीबूटनंतर शून्य आणि एक यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून बाय-आयडीचा पाथ द्या, त्यात ड्राइव्हचा सीरिअल नंबर असतो.